एका घरातल्या दोन चुली

राहुरी म्हटले की आपल्याला कृषी विद्यापीठ आठवते, बियाणे आठवते. पण याच राहुरीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने आपल्या स्वयंपाकघरात एक निर्णय घेतला, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. ती बाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे भारी वेड. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! आता मीठ धुतल्यावर काय उरत असेल ते तुम्हीच ओळखा. असल्या घरातली ही मुलगी १८८० मध्ये नारायण वामन टिळकांना दिली. टिळक हुशार, कवी, पण एका जागी टिकणारे नव्हेत. पैसा हाती राहायचा नाही. वाणसामान आणायला निघालेला हा माणूस भलतीच वस्तू घेऊन यायचा, नाहीतर वाटेत कुणा गरजवंताला पैसे देऊन मोकळा व्हायचा. संसार कसा चालवायचा हे बाईने बघायचे.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन माणसाने टिळकांना बायबल वाचायला दिले. ते वाचून त्यांचे मन पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोची संमती नव्हती. मला विचाराल तर टिळकांचे इथे चुकलेच. श्रद्धा ज्याची त्याची हे खरे, पण त्याचा भार पडला घरच्या बाईवर. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पदरात लहानगा दत्तू. लोकांचे बोलणे वेगळेच. चार-पाच वर्षे नवरा एकीकडे अन् बायको-मूल दुसरीकडे. कधी नाशिक, कधी पंढरपूर, असे दिवस त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढले.

पुढे त्या नवऱ्याकडे अहमदनगरला आल्या. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) पण ख्रिस्ती व्हायला नव्हे! स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे तसेच चालू. टिळकांची गोष्ट घ्यावी ती इथे. माणूस तापट होता, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिची चूल वेगळी राहू दिली. तुम्हाला आमचा अनुभव आहेच. नवीन वाण घ्या म्हणून आम्ही दहा वेळा सांगितले तरी शेतकरी हलत नाही, शेजारच्या बांधापलीकडे पीक डोळ्यांनी पाहिले की आपण होऊन विचारायला येतो. लक्ष्मीबाईंचे तसेच झाले. नवऱ्याचे वागणे त्या रोज पाहत होत्या.

मग राहुरीचा मुक्काम आला. छप्पनचा दुष्काळ म्हणून आपल्याकडचे म्हातारे ज्याची गोष्ट सांगत, तो १८९९-१९०० चा दुष्काळ याच सुमाराचा. राहुरीतच लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतले, की जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. एकदा हे पटल्यावर त्यांनी अर्धेमुर्धे काही ठेवले नाही. कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवले. मीठ धुणाऱ्याच्या लेकीने हे करावे, ही काय साधी गोष्ट झाली? १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरात एकच चूल राहिली.

त्या चुलीवर मात्र किती जणांचे शिजायचे याला हिशेब नव्हता. टिळक अनाथ पोरे घरी आणायचे, त्यांचे करायचे लक्ष्मीबाईंनी. तारा ही त्यांची मानलेली मुलगी. बालकवी ठोंबरेसुद्धा नगरला याच घरात राहून गेले. भांडणे व्हायची, टिळक रागवायचे, बाई हसून न्यायच्या. घरातली भजने मात्र आपल्या मातीतली. ओवी-अभंगाच्या चालीवर येशूची गाणी, कीर्तन. टिळकांची ती गाणी मराठी ख्रिस्ती मंडळी आजही गातात.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पुन्हा घरखर्चाची ओढाताण! ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले. लक्ष्मीबाईंनी नंतर मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले, मुलाबरोबर कराचीतही राहिल्या. शाळा कधी न पाहिलेल्या या बाईने मुलाच्या आग्रहावरून आठवणी लिहायला घेतल्या, त्या १९३४ पासून चार भागांत निघाल्या. तुमच्या गावच्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' नसेल तर ग्रामसेवकांनी जरूर मागवावे.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचे ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतले होते. थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो मुलाने, म्हणजे त्या लहानग्या दत्तूने, देवदत्त टिळकांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.