लॉर्ड सॉल्सबरी व ओरिसाचा दुष्काळ

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं शाळेंत इंग्लंडचा इतिहास थोडासा वाचला असेल त्यांस लॉर्ड सॉल्सबरी हें नांव ठाऊक असेल. ते तीन वेळां इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले, आणि व्हिक्टोरिया राणीच्या उतारवयांत त्यांच्याएवढे वजनदार मंत्री थोडेच होते. परंतु आज आम्ही त्यांचें जें चरित्र सांगणार आहों तें त्यांच्या वैभवाचें नव्हे. ओरिसा प्रांतांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं, त्या वर्षीं हिंदुस्थानचा कारभार लंडनांत ज्यांच्या हातीं आला ते हेच गृहस्थ. त्या मरणांचा कांहीं दोष आपल्याकडे आहे असें त्यांनीं स्वतः कबूल केलें. मोठ्या अधिकारावरील मनुष्यानें असें कबूल करणें किती विरळा आहे, हें वर्तमानपत्रें वाचणारांस आम्हीं सांगावयास नको.

त्यांचें मूळ नांव रॉबर्ट सेसिल. जन्म ३ फेब्रुवारी १८३० रोजीं हॅटफील्ड येथील वाड्यांत झाला. घराणें फार जुनें. एलिझाबेथ राणीचे मंत्री त्यांचे पूर्वज. परंतु मुलगा अशक्त व एकलकोंडा होता. ईटनच्या शाळेंत दांडग्या मुलांनीं त्याला इतकें छळिलें कीं पंधराव्या वर्षीं बापानें त्याला तेथून काढून घरीं आणिलें. पुढें ऑक्सफर्डास शिक्षण झालें, प्रकृतीसाठीं समुद्रप्रवास झाला, आणि १८५३ सालीं ते पार्लमेंटांत गेले. बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केल्यामुळें पैशाची ओढ लागली, तेव्हां नियतकालिकांत लेख लिहून त्यांनीं संसार चालविला. १८६५ सालीं वडील बंधु वारले आणि लॉर्ड क्रॅनबोर्न ही पदवी त्यांच्याकडे आली. सॉल्सबरी हें नांव त्यांस बापाच्या मृत्यूनंतर १८६८ सालीं मिळालें, परंतु वाचकांचा घोटाळा होऊं नये म्हणून आम्ही पहिल्यापासून तेंच चालवितों.

आतां ओरिसाकडे वळूं. कटक, पुरी व बालेश्वर ह्या जिल्ह्यांचा तो मुलूख. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर व अरण्य. त्या काळीं तेथें आगगाडी नव्हती, आणि बाहेर जाणाऱ्या वाटा पावसाळ्यांत नद्यांनीं तुटत. पावसाळा सुरू झाला कीं गलबतांसही किनाऱ्यास लागणें कठीण. लोकांचा सारा जीव भातावर. इ. स. १८६५ चा पाऊस लवकर थांबला आणि उभें भात वाळून गेलें.

तेथील कमिशनर रेव्हनशॉ साहेब प्रांतांत नवे होते. धान्य पुष्कळ आहे, व्यापारी तें दडवून ठेवीत आहेत, अशी त्यांची समजूत झाली. पुढें त्यांनीं तांदूळ आणण्याविषयीं विचारलें तेव्हां कलकत्त्याच्या रेव्हिन्यू बोर्डानें सरकार तांदूळ आणणार नाहीं असें उत्तर दिलें. १८६६ च्या फेब्रुवारींत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर सेसिल बीडन स्वतः ओरिसांत आले, दरबार भरविला, आणि धान्याच्या भावांत सरकारानें हात घालूं नये असें सांगून परत गेले. व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स ह्यांचें मन स्वस्थ नव्हतें, तरी त्यांनीं बीडन साहेबांच्या मतावर विश्वास ठेविला.

हे सर्व निर्दय लोक होते असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांस अर्थशास्त्राचा एक सिद्धांत पाठ होता. भाव चढले म्हणजे नफ्याच्या आशेनें व्यापारी आपण होऊन धान्य आणितो. सरकार मध्यें पडलें तर तो बिचकतो. आमच्याकडील बाजाराच्या गांवीं हें पुष्कळ अंशीं खरें ठरेल. परंतु ज्या मुलखांत गाडी पोहोंचत नाहीं तेथें व्यापारी येणार कसा? आणि मजुराच्या पदरीं दिडकी नाहीं तर तो आणणार कोणासाठीं? शिवाय प्रत्येक अंमलदार वरच्याकडे पाहत राहिला. आमच्या उपदेशकांस हा प्रकार परका वाटणार नाहीं. विहीर आटल्याचा अर्ज घेऊन गेलें कीं तलाठी तालुक्याकडे बोट दाखवितो, तालुका जिल्ह्याकडे, आणि तोंवर पाणी आणणाऱ्या बायकांची पायपीट कांहीं थांबत नाहीं. ओरिसांत तोंवर माणसें मेलीं. मे व जून महिन्यांत वाटेवर प्रेतें पडूं लागलीं, तेव्हां तांदूळ आणण्याचा हुकूम सुटला. परंतु पावसाळा आला होता, समुद्र बंद झाला होता. भरींत भर म्हणून ऑगस्टांत महानदीस पूर आला. एकंदर मृत्यु दहा लक्षांच्या घरांत गेले असें सामान्यतः मानितात. कटक व बालेश्वर येथील मिशनऱ्यांनीं शेंकडों पोरकीं मुलें आपल्या पदरीं घेतलीं.

ह्याच १८६६ च्या जुलईंत इंग्लंडांत मंत्रिमंडळ बदललें, आणि छत्तीस वर्षांचे सॉल्सबरी हिंदुस्थानचे मंत्री झाले. हिंदुस्थान त्यांनीं पाहिलेला नव्हता. दुष्काळाची वार्ता त्यांच्या कानीं आली. हिंदुस्थान सरकार सर्व व्यवस्था पाहत आहे असें जाणत्या लोकांनीं सांगितलें, त्यांनीं तें खरें मानिलें, आणि दोन महिने कांहीं केलें नाहीं.

पुढें चौकशीसाठीं कमिशन बसलें. जॉर्ज कॅम्बेल साहेब त्याचे मुख्य होते. १८६७ च्या मार्चांत सॉल्सबरींनीं मतदानाच्या कायद्यावरून, म्हणजे अगदीं निराळ्या कारणानें, मंत्रिपद सोडिलें. त्या सालच्या २ ऑगस्ट रोजीं पार्लमेंटांत ओरिसाचा वाद निघाला तेव्हां ते साधे सभासद होते. नवे मंत्री सर स्टॅफर्ड नॉर्थकोट ह्यांनीं ही गोष्ट साऱ्या सरकारास लाजिरवाणी आहे असें मान्य केलें. नंतर सॉल्सबरी उठले. अंमलदारांनीं अर्थशास्त्राचा जणूं देव्हारा मांडिला, मनुष्य अन्नावांचून थोडेच दिवस जगतो हें ते विसरले, आणि पैसा वायां जाईल ह्या भीतीपुढें जीव जातील ही भीति त्यांनीं हलकी मानिली, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. दोन्ही पक्षांनीं वाहवा केली. प्रसिद्ध तत्त्ववेत्ते जॉन स्टुअर्ट मिल विरुद्ध बाजूस बसत असत. ते आपली जागा सोडून त्यांचें अभिनंदन करावयास आले.

येथवर दोष दुसऱ्यांचा होता, आणि दुसऱ्याचा दोष सांगणें सोपें असतें. सॉल्सबरींस स्वतःपुरती सबब तर आयतीच होती. ते अधिकारावर आले तेव्हां समुद्र बंद झालेला होता. त्यांनीं पहिल्याच दिवशीं हुकूम सोडिला असता तरी तांदूळ वेळेवर पोहोंचता ना. ही सबब खोटी नव्हती, आणि ते ती जाणत होते. तरी पुढें त्या दिवसांविषयीं बोलतांना त्यांनीं सांगितलें कीं आपण दोन महिने स्वस्थ बसलों, आणि जें घडलें त्याच्या दोषांतून आपण सर्वस्वीं मोकळे आहों असें आपणांस कधींही वाटलें नाहीं. जाणत्यांच्या खात्रीच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास तेव्हांपासून जो उडाला तो पुन्हा बसला नाहीं. इतर अंमलदारांस म्हणण्यासारखी शिक्षा झाली नाहीं. बीडन साहेब निवृत्त झाले. रेव्हनशॉ ओरिसांतच राहिले, तेथें विद्येच्या प्रसारासाठीं झटले, आणि कटकाच्या कॉलेजास त्यांचें नांव मिळालें.

१८७४ सालीं सॉल्सबरी पुन्हा हिंदुस्थानचे मंत्री झाले, तेव्हां बिहारांत दुष्काळ होता. ह्या वेळीं ओरिसाची आठवण सर्वांस होती. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांनीं ब्रह्मदेशांतून लाखों टन तांदूळ आणविला. ओरिसाचा अहवाल लिहिणारे कॅम्बेल साहेबच त्या वेळीं बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. पार्लमेंटांतून कर्जाची परवानगी मिळाली. भुकेनें फार थोडीं माणसें मेलीं. येथें हें चरित्र संपविलें असतें तर तें वाचावयास गोड झालें असतें, परंतु आमचे वाचक दक्षिणेंतले आहेत, आणि दोनच वर्षांनीं काय झालें तें सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं.

बिहारांत पैसा फार उधळला अशी ओरड झाली. नंतर १८७६ चा पाऊस दक्षिणेंत गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, कलादगी ह्या जिल्ह्यांत पीक आलें नाहीं. मद्रास इलाख्यांत व म्हैसुरांत त्याहून वाईट झालें. त्या हिवाळ्यांत सॉल्सबरी तुर्कस्थानच्या प्रश्नासाठीं कॉन्स्टँटिनोपल येथें गेले होते, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटन ह्यांनीं दिल्लीस मोठा दरबार भरविला. खर्च आटोक्यांत ठेवण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल ह्यांची नेमणूक झाली. बिहारांत सढळ हातानें खर्च केल्याचा ठपका ह्यांच्यावरच आलेला होता, म्हणून आतां ते दुसऱ्या टोंकास गेले. मजुराची रोजी एक रत्तल धान्य व वर थोडासा पैसा एवढ्यावर आली. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर तीं कामें टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची हकीकत जमवून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठविले. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या आठवणी त्याच खडी फोडण्याच्या कामांपासून सुरू होतात. १८७६ ते १८७८ ह्या दुष्काळांत इंग्रजी मुलखांत पन्नास लक्षांहून अधिक माणसें मेलीं.

ही काटकसर हिंदुस्थान सरकारानें ठरविली हें खरें. परंतु ती मोडण्याचा अधिकार लंडनांतील मंत्र्याचा होता, आणि १८७८ च्या एप्रिलापर्यंत ते मंत्री सॉल्सबरी होते. ओरिसाच्या दोन महिन्यांबद्दल ज्यांचें मन त्यांस टोंचीत राहिलें, त्यांच्याच हाताखालीं हें घडलें. ह्याचा मेळ कसा घालावा हें आम्हांस नीट उमगत नाहीं. त्यांचा पश्चात्ताप ढोंगी होता असें म्हणावयास आमचें मन घेत नाहीं. ढोंग करावयाचें तर आयती सबब त्यांनीं टाकून कां दिली असती? परंतु पहिल्या दुष्काळाची खंत दुसऱ्या दुष्काळांतील मजुराच्या रत्तलभर धान्यांत छटाकाचीही भर घालूं शकली नाहीं, हेंही लपवून ठेवतां येत नाहीं.

१८७८ सालीं दुष्काळ कमिशन नेमलें गेलें, १८८० सालीं त्याचा अहवाल आला, आणि त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. पिकाची खबर केव्हां द्यावी, कामें केव्हां काढावीं, जे काम करूं शकत नाहींत त्यांस अन्न कसें द्यावें, हें आतां एखाद्या साहेबाच्या मर्जीवर न राहतां कागदावर आलें. ओरिसांत प्रत्येक अंमलदार ज्याची वाट पाहत बसला तें हेंच. ह्या नियमांनीं पुष्कळ जीव वांचले, परंतु सर्व नव्हे. १८९६-९७ चा दुष्काळ व १८९९-१९०० चा, ज्यास लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, ह्या दोन्ही वेळीं सॉल्सबरी मुख्य प्रधान होते. ह्याच वर्षांत पंडिता रमाबाईंनीं केडगांवास दुष्काळांतील मुलींचा संभाळ केला. दुसऱ्या दुष्काळाच्या वेळीं इंग्लंड दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांशीं लढत होतें, आणि पार्लमेंटानें इंग्लंडच्या तिजोरींतून देणगी दिली नाहीं.

१८९९ सालीं सॉल्सबरींची पत्नी वारली. १९०२ सालीं त्यांनीं प्रधानपद सोडिलें, आणि २२ ऑगस्ट १९०३ रोजीं ते हॅटफील्ड येथें मरण पावले. त्या वाड्यांत घरच्या छायाचित्रांच्या वह्या जपून ठेविलेल्या आहेत. १८६६ व १८६७ ह्या सालांच्या वहींत, कुटुंबांतील माणसांच्या चित्रांमध्यें, दोन चित्रें निराळीं आहेत. भुकेनें हाडांचा सांपळा झालेल्या हिंदी मुलांचीं तीं आहेत.