एकशे दोन रुग्णालये बांधणारा बौद्ध सम्राट

अंगकोरच्या मंदिरांची चर्चा निघाली की आम्हाला आठवतो तो कंबोडियाचा बौद्ध सम्राट सातवा जयवर्मन. चंपाच्या आक्रमणाने मोडलेले राज्य सावरून तो ११८१ साली गादीवर आला. शिव-विष्णूच्या मंदिरांच्या या राजधानीत त्याने बायोन उभारून बुद्धाला केंद्रस्थानी आणले. शिलालेखांत त्याच्या १०२ रुग्णालयांची नोंद आहे; तेथे चारही वर्णांवर उपचार होत. मात्र एकट्या ता प्रोहमच्या सेवेला ७९,३६५ माणसे लावली होती, हेही आम्ही विसरता कामा नये. त्याच्या पश्चात तेराव्या शतकात बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडण्यात आल्या. बायोनमधील फोडलेली बुद्धमूर्ती १९३३ साली खड्ड्यात सापडली. मूर्ती फुटली, पण धम्म आजही तेथील जनतेचाच आहे.