राजवाड्यातला उजेड आपल्या भिंतीवर

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड लावला की मागचं सगळं धूसर होतं आणि चेहरा कसा उठून दिसतो! तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी स्वतःचं असं चित्र काढून घेणं राजे-महाराजांनाच परवडायचं. उजेडाची ती जादू राजवाड्यात शिकून सामान्यांच्या घरी पोहोचवणारा माणूस म्हणजे राजा रवी वर्मा.

जन्म २९ एप्रिल १८४८, केरळातल्या किळिमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले आणि चौदाव्या वर्षी तेच त्यांना त्रावणकोरच्या दरबारात घेऊन गेले. १८६८ मध्ये तिथे थिओडोर जेन्सन हे युरोपियन चित्रकार आले. तैलरंग शिकवायला त्यांनी चक्क नकार दिला, फक्त काम चालू असताना बघायची परवानगी दिली. ना क्लास, ना यूट्यूब! रवी वर्मा बघत राहिले, घरी येऊन रंगवत राहिले.

त्यांनी नेमकं काय हेरलं? उजेड एका बाजूनं येऊ द्यायचा. एक गाल उजळ, दुसरा सावलीत. मग चेहरा सपाट न राहता भरीव दिसतो. मोत्यावर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला की मोती चमकतो. संस्थानिकांना हेच हवं होतं. १८८१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं चित्र काढलं आणि दरबारांची रांगच लागली.

मागणी एका हातानं पुरी होणार नाही, चित्रं युरोपातून छापून घ्या, असं बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांनी सुचवलं. रवी वर्मांनी त्याही पुढे जाऊन इथेच छापखाना काढला. साल १८९४, मुंबईतलं गिरगाव. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ. प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र काढायचं आणि एकाच कागदावर एकेक रंग चढवत जायचं. यात मूळ चित्रातली नाजूक सावली थोडी हरवायची, रंग भडक व्हायचे. पुढे समीक्षकांनी त्यावरून नाकंही मुरडली. पण लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला आता बाजारात विकत मिळू लागल्या. घोड्यावरचे शिवाजी महाराजही त्यांनी रंगवले. जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या आपल्या जिल्ह्याला यापेक्षा जवळचा विषय कोणता?

धंदा मात्र जमला नाही. मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढलं. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ ला रवी वर्मा गेले. याच प्रेससाठी काम केलेल्या दादासाहेब फाळकेंनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला.

तोटा सोसून या माणसानं एक गोष्ट मात्र कायमची बदलली. सुंदर चित्र बघायला आता राजाची ओळख लागत नव्हती. तेव्हा या सुट्टीत गावी, चिखलीला किंवा मेहकरला गेलात, तर आजीच्या देवघरातली जुनी तसबीर जरा पुसून बघा. खालच्या कडेला रवी वर्मा प्रेसचं नाव दिसतंय का? आणि हो, चेहऱ्यावर उजेड कुठल्या बाजूनं पडलाय, तेही शोधा.