प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं आणि विद्यार्थ्यानं ऑलिंपिक पदक आणलं!

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव लाल मातीत घडलेले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. मॅटवरची कुस्ती नवखी, तरी खाशाबा सहावे आले.

१९५२ ला हेलसिंकीसाठी निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

खाशाबांनी ५७ किलो गटात ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. खाशाबांना मात्र घोर होता सरांच्या घराचा. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि सरांचे पैसे फेडले.

१९५५ ला ते पोलिसात फौजदार झाले. तिथंही कुस्त्या मारल्या, खेळाचे प्रशिक्षक म्हणून कामही केलं. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. तब्बल ४४ वर्षं स्वतंत्र भारताकडे खाशाबांचं एकच वैयक्तिक पदक होतं, आणि त्यामागे एका प्राचार्याचं घर होतं.