अटींवर मिळालेला प्रवेश : डॉ. कमला सोहोनी

मल्लेश्वरमहून यशवंतपूरच्या बाजूला जाताना सर सी. व्ही. रामन यांचे नाव दिलेल्या रस्त्यालगत दाट झाडीचे एक विस्तीर्ण आवार लागते. भारतीय विज्ञान संस्था हे त्याचे अधिकृत नाव; पण जुन्या बंगळूरकरांच्या तोंडी ती आजही टाटा इन्स्टिट्यूटच आहे. जमशेटजी टाटांचे स्वप्न आणि म्हैसूर संस्थानाने दिलेली जमीन यांतून १९०९ साली ही संस्था स्थापन झाली. १९३३ साली एका बावीस वर्षांच्या मराठी मुलीने या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेच्या गुणवत्ता यादीत ती अग्रस्थानी होती. तरीही तिला नकार मिळाला. नकाराचे कारण गुणांत नव्हते, ते तिच्या जन्मात होते. ती मुलगी होती. तिचे नाव कमला भागवत. पुढे साऱ्या देशाने तिला डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. योगायोग असा की, याच वर्षी बंगळूरच्या या संस्थेत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. पुढे कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील थोर लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत म्हणून विख्यात झाली. अशा ज्ञानसंपन्न घरात वाढलेल्या कमलाबाईंना विज्ञान परके वाटण्याचे कारणच नव्हते. वडील आणि काका ज्या प्रयोगशाळांत घडले, तेथेच आपणही संशोधन करावे ही त्यांची आकांक्षा अगदी स्वाभाविक होती. रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्यांनी पदवी मिळवली आणि बंगळूरला अर्ज धाडला.

त्या वेळी संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताची मान जगात उंचावली होती, आणि त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होते. असा थोर पुरुष एका विद्यार्थिनीला केवळ स्त्री म्हणून नाकारतो, ही गोष्ट मनाला बोचते. स्वतः रामन यांच्या पूर्वायुष्याकडे पाहिले, तर ती अधिकच बोचते. तरुणपणी उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याचा त्यांचा मार्ग एका सरकारी डॉक्टरच्या अभिप्रायाने बंद झाला होता. ही नाजूक प्रकृती तेथील हवामानात टिकणार नाही, असा तो निर्णय होता. रामन यांनी मग वित्त खात्यात नोकरी धरली आणि कलकत्त्याला कचेरीच्या वेळेआधी व नंतर प्रयोगशाळेत राबून आपले विज्ञान उभे केले. जन्मजात देहाकडे पाहून दुसऱ्याने ठरवलेली मर्यादा किती फसवी असते, याचा ते स्वतःच जिवंत पुरावा होते. तरीही तशीच एक मर्यादा त्यांनी दुसऱ्यावर लादली. मोठ्या माणसांच्या दृष्टीलाही काळाचे पडदे असतात, एवढाच त्याचा अर्थ.

वडिलांनी आणि काकांनी रामन यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. तो व्यर्थ गेला. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला आल्या. देशात तो सत्याग्रहाचा काळ होता. प्रवेश न देण्याचे न्याय्य कारण त्यांनी संचालकांकडे मागितले आणि प्रवेश मिळाल्याशिवाय माघार न घेण्याचा निश्चय कृतीने दाखवून दिला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला. पण तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. कामाचा दर्जा संचालकांच्या पसंतीस उतरेपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नव्हती. आणि त्यांच्या वावरामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

या तिसऱ्या अटीतील अपमान उघड आहे. दुसऱ्याचे लक्ष ढळले, तर त्याचा दोष हिच्या माथी! बरोबरीने दाखल झालेल्या कोणत्याही तरुणाला आपल्या अस्तित्वाबद्दल असा जामीन द्यावा लागला नव्हता. कमलाबाईंपुढे दोनच वाटा होत्या. स्वाभिमान जपून परत फिरावे, किंवा अपमान गिळून आत जावे आणि आपले काम बोलू द्यावे. त्यांनी दुसरी वाट निवडली. परत फिरल्या असत्या तर दार बंदच राहिले असते, आणि स्त्रियांना विज्ञान झेपत नाही या समजुतीला एक आधारही मिळाला असता.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कठोर होते, परंतु ज्ञानदानात हात आखडता घेणारे नव्हते. कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. वरवर पाहता हा विषय स्वयंपाकघरातला. पण त्याचे मोल फार मोठे होते. ज्या देशात असंख्य घरांना दूध परवडत नाही, तेथे शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने प्रामुख्याने डाळी-कडधान्यांतूनच मिळतात. कोणत्या डाळीत काय आणि किती आहे, हे तपासणे म्हणजे गरिबाच्या ताटाचा शास्त्रीय हिशेब मांडणेच होते. वर्षभर त्यांनी हे काम निष्ठेने केले. सबब सांगितली नाही, सवलत मागितली नाही.

वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ साली त्यांनी आपला प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर केला आणि एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली. त्यांच्या कामाचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो पदवीपेक्षाही मोठा होता. संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठी उघडले. १९४० साली अ‍ॅना मणी येथे आल्या आणि खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले. पुढे भारतीय हवामानशास्त्रात त्यांनी मोठे नाव मिळवले. मात्र एम.एस्सी. पदवी नसल्याचे कारण दाखवून त्यांनाही पीएच.डी. नाकारण्यात आली. दार उघडले होते. वाट अजून सरळ झाली नव्हती.

शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि १९३७ च्या डिसेंबरात न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. नोबेल पारितोषिक विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना स्थान मिळाले. तेथे त्यांनी आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या हाताखाली काम केले. सजीवाच्या पेशीत अन्नापासून ऊर्जा मुक्त होताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम सी. बटाट्यावर काम करताना हा घटक वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांचे संशोधन आणि लेखन पूर्ण झाले. प्रबंध होता केवळ चाळीस पानांचा. सांगण्यासारखे जेवढे होते तेवढेच सांगितले, पानांची भर घातली नाही. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या केंब्रिजने त्यांचा गौरव केला, तेथेही त्या काळी स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व नव्हते. ते मिळायला १९४८ साल उजाडावे लागले. अन्याय काही एकट्या बंगळूरचा नव्हता. तो साऱ्या युगाचा होता, आणि म्हणूनच तो अन्याय आहे हे अनेकांच्या लक्षातही येत नव्हते.

परदेशात स्थिर होणे कमलाबाईंना अवघड नव्हते. परंतु १९३९ सालीच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणिती असलेल्या सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन सुरू केले.

येथे बंगळूरच्या कामाचा धागा त्यांनी पुन्हा हाती घेतला. कडधान्यांत प्रथिने भरपूर असली तरी त्यांच्या पचनात अडथळा आणणारे काही घटकही असतात. या घटकांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडा-माडांपासून मिळणाऱ्या या पेयात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखवून दिले. कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात असा स्वस्त पोषक पदार्थ उपयुक्त ठरू शकतो, हे त्यातून पुढे आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. आरेच्या दूध प्रकल्पालाही त्यांचे मार्गदर्शन लाभले.

एवढे सारे करूनही मुंबईच्या त्या संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. योग्यता असूनही चार वर्षे त्यांना त्या पदापासून दूर ठेवले गेले. अखेर त्या संचालक झाल्या. तरुणपणी बंगळूरला दिलेली परीक्षा उतारवयात पुन्हा द्यावी लागली. फक्त परीक्षक बदलले होते. या काळातही त्यांनी अध्यापनात आणि संशोधनात खंड पडू दिला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी आपले ज्ञान बाजारपेठेत आणि घराघरांत नेले. ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्या सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांसाठी लेखन केले. प्रयोगशाळेतील अचूकता सामान्य गृहिणीच्या पिशवीपर्यंत पोहोचवणे, हे त्यांना संशोधनाइतकेच मोलाचे वाटे.

उतारवयात जुन्या दिवसांबद्दल बोलताना त्यांनी बंगळूरच्या त्या अटींची वेदना लपवली नाही. रामन यांच्या विज्ञानाबद्दलचा आदर वेगळा आणि एका स्त्रीला मिळालेल्या वागणुकीचे सत्य वेगळे. एकासाठी दुसरे झाकावे, असे त्यांना वाटले नाही. क्षमा करणे आणि विसरून जाणे या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या रूपाने परिषदेच्या महासंचालकपदी एक स्त्री प्रथमच पोहोचली होती. त्या सत्कारसमारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. एका स्त्रीला दाराशी अडवणाऱ्या काळात सुरू झालेला प्रवास, तिच्या कार्याचा सन्मान होत असताना संपला.

कमलाबाईंचे चरित्र जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र जिद्द असली की सारे साधते, एवढाच बोध त्यातून घेतला, तर तो अपुरा ठरेल. त्यांच्या पाठीशी शिकलेले वडील होते, काका होते, विज्ञानाची परंपरा असलेले घर होते. हे पाठबळ नसलेल्या, तितक्याच बुद्धिमान किती मुली त्या काळी दाराशी पोहोचण्याआधीच परतल्या असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. ज्याच्या घरी असे पाठबळ नाही, त्याला ते पुरवणे हेच शाळेचे कार्य आहे, आणि साठ वर्षे जगलेल्या शाळेचे मोलही त्यावरूनच ठरते.

मनुष्य काही मर्यादा घेऊन जन्माला येतो. कोणाची प्रकृती नाजूक, कोणाची स्मरणशक्ती मंद, कोणाची जीभ अडखळणारी. त्या मर्यादांशी झगडणे हे ज्याचे त्याचे काम. पण अनेक मर्यादा जन्माच्या नसतात. पाहणाऱ्याच्या नजरेतून त्या माणसाला चिकटतात. हिला गणित जमायचे नाही, याच्या घरात कोणी शिकलेले नाही, परक्या मुलखात आपल्या भाषेत शिकून हा काय करणार, असे उद्गार सहज निघतात आणि मुलाच्या मनात कायमचे घर करतात. नाजूक प्रकृतीचे रामन आणि अटींवर प्रवेश मिळालेल्या कमलाबाई या दोघांनीही असे निर्णय खोटे ठरवले. सगळ्यांनाच ते साधत नाही. म्हणून असे निर्णय देण्यापूर्वी घराने आणि शाळेने दहादा विचार केला पाहिजे.

टाटा इन्स्टिट्यूटच्या त्या आवारात आज अनेक मुली संशोधन करतात. सकाळी बसमधून उतरून त्या सरळ आत जातात. आपल्या अस्तित्वाचा जामीन त्यांच्याकडे कोणी मागत नाही. कमलाबाईंचे खरे स्मारक हेच आहे.