१४ एप्रिलची सुटी कोणाची?

महाराष्ट्रात १४ एप्रिल हा सार्वजनिक सुटीचा दिवस होऊन पुष्कळ वर्षे लोटली. २०२५ साली केंद्र सरकारनेही ही सुटी जाहीर केली. तथापि छत्रपती संभाजीनगरच्या बाजारपेठेत ही सुटी एका विशिष्ट समाजाची, असे समजणारे सद्गृहस्थ अद्यापि आढळतात. त्यांस दूषण देत बसण्यापेक्षा डॉ. भीमराव रामजी आंबेडकरांचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवणे आम्हांस अधिक इष्ट वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांस निराळ्या गोणपाटावर बसावे लागे. नळास हात लावण्याची मुभा नसल्यामुळे शिपाई हजर नसेल त्या दिवशी तहानेनेच घरी जावे लागे. हाच मुलगा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेला आणि पुढे लंडनहून अर्थशास्त्राची सर्वोच्च पदवी व बॅरिस्टरीची सनद घेऊन परतला. त्यांचा १९२३ सालचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, हे रुपयांतच उठणाऱ्या-बसणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंपैकी कितीजणांस ठाऊक असेल, कोण जाणे!

२० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतर सात वर्षांनी, १९३४ साली, ते आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास आले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तोच पाणी बाटविल्याचा गिल्ला झाला. गिल्ला करणारे मुसलमान होते. म्हणजे या रोगापासून कोणताही समाज मोकळा नव्हता. अखेर पाण्यास शिवू नये या अटीवर, शिपायाच्या पहाऱ्यात, त्यांस किल्ल्यात सोडण्यात आले. कोलंबिया व लंडन येथील पदव्या धारण करणाऱ्या विद्वानाचे आमच्या जिल्ह्याने केलेले आतिथ्य ते हे!

त्याची परतफेड त्यांनी कशी केली? मराठवाड्यातील मुलांस पदवीच्या शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे, त्या काळी, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या महाविद्यालयाचे दरवाजे सर्व जातींच्या मुलांस खुले होते. आमच्या शहराने मात्र विद्यापीठास त्यांचे नाव देण्याचा जो ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला, त्याच्या अंमलबजावणीस १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावयास लावली. मधल्या काळात मराठवाड्यात जी घरे जळली व जे जीव गेले, त्यांचे स्मरण ठेवूनच आम्ही हे लिहीत आहो.

आता सुटीविषयी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कारखान्यातील कामगारांस वर्षाकाठी १० दिवसांची भरपगारी रजा देणारा कायदा १९४५ साली झाला, तो त्यांनीच पुढे आणलेल्या विधेयकामुळे. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा १९४६ सालचा कायदाही त्यांचाच. या सवलती देताना त्यांनी कोणाची जात विचारली नाही. गिरणी कामगारांस रविवारची सुटी १८९० साली मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते. पण रविवार हा सत्यशोधकांचा म्हणून कोणी त्या दिवशी दुकान उघडून बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद, १९५१ सालचा मंत्रिपदाचा राजीनामा, नागपूर येथील १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला झालेले निधन, हे सर्वश्रुतच आहे.

आमची सूचना लहानशी आहे. येत्या १४ एप्रिलास गुलमंडी व शहागंज येथील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवावीत आणि मिरवणुकीच्या वाटेवर स्वखर्चाने पाणपोया घालून पाणी स्वतःच्या हातांनी वाढावे. मुनीम, हमाल व दुकानातील पोरे यांचा त्या दिवसाचा रोज कापला जातो की नाही, हे ज्याने त्याने आपापली वही उघडून पाहावे. कापला जात असल्यास यंदापासून तो त्यांच्या नावे जमा करावा.