कचऱ्यातून ९० दिवसांत खत! ‘इंदूर पद्धत’ जगाला देणारे सर अल्बर्ट हॉवर्ड कोण होते?

टोमॅटोवर करपा आला, वांग्याला मर लागली की पहिला प्रश्न असतो : फवारणी कोणती घ्यायची? शंभर वर्षांपूर्वी भारतात काम करणाऱ्या एका इंग्रज शास्त्रज्ञाचा प्रश्न मात्र वेगळा होता : पीक आजारी पडलंच का? त्याचं उत्तर शोधताना कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ तयार झाली. जगभरातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीला आधार देणाऱ्या या शास्त्रज्ञाचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

शेतकऱ्याचा मुलगा, बुरशीचा अभ्यासक

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेतल्यावर ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करू लागले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. शेतकऱ्याला उपाय सांगायचा, पण तो करून पाहायला स्वतःकडे शेतच नाही!

भारतात काय शिकले?

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. इथे त्यांना प्रयोगासाठी सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. पत्नी गॅब्रिएल याही नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या.

आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं औषधांविना तुलनेने निरोगी असल्याचं हॉवर्ड यांना दिसलं. मग त्यांनी शेतकऱ्यांना शिकवण्याऐवजी त्यांच्याकडून शिकायला सुरुवात केली. कीड आणि रोग हे मूळ दुखणं नसून जमीन किंवा लागवडीत काहीतरी बिघडल्याची खूण आहे, या निष्कर्षावर ते आले.

इंदूर पद्धत नेमकी काय?

१९२४ मध्ये इंदूरला नवी संशोधन संस्था उभी राहिली. होळकर संस्थानाने तिला ३०० एकर जमीन दिली. काम मुख्यतः कापसावर होतं. पण मोठी अडचण होती खताची. शेण गोवऱ्यांत जायचं आणि पिकांचे अवशेष वाया जायचे. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी त्यावर ही पद्धत बसवली :

• मिश्रण : तीन भाग पालापाचोळा, काडीकचरा आणि एक भाग शेण. सोबत राख आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती.
• कठीण काड्या : कापसाच्या पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जायच्या.
• हवा आणि ओल : खड्डा उथळ, दोन-तीन फुटांचा. ओल हवी, पण पाणी साचू द्यायचं नाही.
• पलटी : साधारण १५ दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीन वेळा.
• कालावधी : सुमारे तीन महिने.

यामागचं विज्ञान सोपं आहे. हवा आणि ओल मिळाली की सूक्ष्मजीव वेगाने काम करतात आणि ढिगाचं तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जातं. त्यात तणांचं बी आणि अनेक रोगकारक जंतू मरतात. अर्धवट कुजलेलं खत टाकलं तर उलटं होतं : तण वाढतं आणि कुजण्याची क्रिया जमिनीतील नत्र तात्पुरतं ओढून घेते. भाजीपाल्यासारख्या कमी दिवसांच्या पिकाला हा फटका लगेच बसतो.

वाद कशावरून?

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचं शेतीतील टाकाऊ पदार्थांवरचं पुस्तक आलं आणि हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९४० मध्ये ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. रासायनिक खतांवर त्यांनी कडक टीका केली आणि जमिनीच्या आरोग्याचा संबंध थेट माणसाच्या आरोग्याशी जोडला. अनेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हा वाद मिटला नव्हता.

आज किती खरं ठरलं?

सगळं नाही. भेंडीवरील यलो व्हेन मोझॅक हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. केवळ कंपोस्ट टाकून तो थांबत नाही. तिथे प्रतिकारक वाण आणि माशीचं नियंत्रण लागतंच. शिवाय पुरेसं शेण आणि पलटीसाठी मजूर मिळणं हीही अडचण आहे.

मात्र चांगल्या कुजलेल्या खताने जमीन भुसभुशीत होते, ओल टिकते, मुळं खोल जातात आणि उपयोगी सूक्ष्मजीव वाढतात, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळे हंगाम संपल्यावर पिकाचे अवशेष पेटवून देण्याआधी हॉवर्ड यांचा हिशेब आठवावा : बांधावर जळतं ते पुढच्या पिकाचं खत असतं.